लिनक्सवर फायरवॉल लावताना या चुका टाळा, निदान पहिली तरी

"सर, मी फक्त फ्लश केलं."

फोनवर "सर" म्हणून समोरचा पोरगा थबकला की पुढचं वाक्य आता मीच पूर्ण करतो. आयपीटेबल्सचे, म्हणजे कोणतं पॅकेट सोडायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या फायरवॉलचे, नियम गोंधळलेले असतात. पाटी कोरी करून पुन्हा लिहू, असा विचार करून गडी मायनस कॅपिटल एफ, म्हणजेच फ्लश, मारतो आणि एंटर दाबतो. कर्सर खालच्या ओळीवर येतो आणि तिथेच बसतो. फ्लश नियम पुसतं, चेनची (नियमांच्या साखळीची) पॉलिसी, म्हणजे कुठलाच नियम जुळला नाही तर लागणारा निकाल, पुसत नाही. इनपुटची, म्हणजे मशीनसाठी आत येणाऱ्या पॅकेटांच्या चेनची, पॉलिसी आधीच ड्रॉप (फेकून द्या) केलेली असेल, तर एसएसएचला (दुरून लॉगिन करायच्या सोयीला) आत घेणारा नियम गेला आणि सगळ्यांना बाहेर ठेवणारी पॉलिसी तेवढी उरली. फ्लश करायचंच असेल तर आधी पॉलिसी अ‍ॅक्सेप्टवर आणा, मग पुसा. पाच सेकंदांचं काम आहे.

या लेखातल्या कमांड मी मुद्दाम देवनागरीत आणि तुटक लिहिल्यात. कॉपी-पेस्ट होऊ नयेत म्हणून. ज्याला मॅन्युअल उघडून एक ओळ स्वतः टाइप करायचा कंटाळा आहे, त्याने चालू सर्व्हरच्या फायरवॉलला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हे मत फुकटात तयार झालेलं नाही.

२०११ची गोष्ट. मी पुण्यात, सर्व्हर नवी मुंबईत महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये. मशीनवर सेंटओएस ५, दोन नेटवर्क कार्डं. शुक्रवारी रात्री साडेदहाला, लोक झोपल्यावर करू म्हणून, मी दुसऱ्या एका सर्व्हरवरची चांगली चाललेली फायरवॉल स्क्रिप्ट उचलून इथे आणली. आयपी पत्ते बदलले, पोर्ट तपासले. आरसी-लोकलमध्येही टाकून दिली, म्हणजे रीबूटनंतर आपोआप लागेल. मग चालवली. कर्सर थांबला.

जुन्या सर्व्हरवर बाहेरचं कार्ड इथ-वन होतं, इथे इथ-झीरो. स्क्रिप्टच्या डोक्यावर एकच ओळ होती ज्यात कार्डाचं नाव लिहिलेलं, आणि नेमकी तीच मी पाहिली नाही. पुढचे सगळे "आत येऊ द्या" नियम त्या नावावर टांगलेले. म्हणजे मी आतल्या, कोणी न वापरणाऱ्या कार्डावर सगळे दरवाजे सताड उघडले आणि बाहेरच्या कार्डाला कुलूप लावलं.

तरी म्हटलं, रीबूट करू. डेटा सेंटरला फोन केला, रात्रपाळीच्या मुलाने बटण दाबलं, मशीन उठलं, आणि आरसी-लोकलने इमानदारीत तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली. रिमोट कन्सोल (नेटवर्क तुटलं तरी दुरून मशीनचा पडदा दाखवणारी सोय) आम्ही घेतलेला नव्हता, त्याचे महिन्याला वेगळे पैसे पडत. ती बचत माझीच आयडिया होती. पहाटेची शिवनेरी पकडली, वाशीला उतरलो, रिक्षाने महापे. आत एसीचा गारठा असा की पुण्याहून टी-शर्टवर आल्याचा पश्चात्ताप झाला. चाकं लावलेल्या ट्रॉलीवरचा मॉनिटर आणि एक कळकट कीबोर्ड जोडला, फाइल उघडली, एकाचा शून्य केला. एवढंच काम. साडेआठला खाली टपरीवर चहा पीत उभा होतो.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. शास्त्र नव्हे, सवयच. नियम लावायच्या आधी चालू असलेले नियम आयपीटेबल्स-सेव्हने एका फाइलमध्ये काढतो. मग "अ‍ॅट" कमांडने पाच मिनिटांनंतरचं काम लावतो: ती फाइल परत भरा. त्यानंतरच नव्या नियमांना हात लावतो. सगळं ठीक असलं तर "अ‍ॅट"चं काम रद्द. नसलं तर पाच मिनिटं हातावर हात ठेवून बसायचं, मशीन स्वतःच दार उघडतं. डेबियनवाल्यांना यासाठी आयपीटेबल्स-अप्लाय नावाची तयार सोय आहे. ती नियम लावून तुमच्याकडून होकार मागते आणि वेळेत मिळाला नाही तर जुनं जसंच्या तसं परत आणते. मात्र पहिल्यांदा लावताना आरसी-लोकल किंवा बूटच्या वेळी चालणाऱ्या कुठल्याही फाइलला शिवायचं नाही. नियम एक दिवस नांदले की मग कायमचे करायचे.

त्यातही एक फसगत आहे. आयपीटेबल्स-अप्लायचा प्रश्न नीट वाचा. ते विचारतं, *नवीन* कनेक्शन जोडता येतंय का? पोरं काय करतात? चालू खिडकीत एलएस मारून बघतात, उत्तर येतं, "वाय" दाबून मोकळी होतात. अहो, चालू खिडकी जिवंत राहणारच. तुमच्या पहिल्याच नियमात एस्टॅब्लिश्डला (आधीच जोडलेल्या कनेक्शनला) परवानगी आहे, कनेक्शनांची नोंद ठेवणाऱ्या कॉनट्रॅकला तुमचं जुनं कनेक्शन ठाऊक आहे, ते तो तोडत नाही. नवीन माणसाला दार उघडतंय का हे जुना माणूस घरात बसून कसं सांगणार? दुसरी खिडकी उघडा, नव्याने लॉगिन करा. आणि ऑफिसच्या वायफायवरून नको, तिथला पत्ता बहुधा तुम्हीच परवानगीच्या यादीत घातलेला असतो. मी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरतो.

हॉटस्पॉटवरून आठवलं: आयपीव्ही६, इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत. आयपीटेबल्समध्ये लिहिलेला नियम आयपीव्ही६ला लागत नाही, त्याला आयपी६टेबल्स वेगळं लिहावं लागतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. जिओचा फोन आयपीव्ही६वर चालतो, तेव्हा समोरच्या सर्व्हरचा तसा पत्ता असला तर फोन त्याच रस्त्याने येतो. पुढचं दार सात कुलपांत आणि परसदार उघडं. नवीन मशीन असेल तर सरळ एनएफटेबल्स, आयपीटेबल्सचा वारसदार, शिका आणि टेबल "आयनेट" जातीचं करा, एकाच नियमात दोन्ही बसतात. एनएफटेबल्स २०१४च्या जानेवारीत कर्नल ३.१३मध्येच आलंय. "नवीन आहे, नंतर बघू" म्हणायचे दिवस गेले.

क्रमाचा घोळ. आयपीटेबल्स वरून खाली वाचतं आणि जिथे निकाल लागला तिथे थांबतं. सेंटओएस ६मध्ये इनपुट चेनच्या शेवटी सगळं नाकारणारा एक रिजेक्ट आधीच बसवलेला असायचा. लोक मायनस ए देऊन आपला नियम जोडत, तो त्या रिजेक्टच्या खाली जाऊन बसे आणि जन्मभर एकही पॅकेट बघत नसे. वर तो रिजेक्ट "होस्ट प्रोहिबिटेड" असा निरोप धाडायचा, जो पलीकडे "नो रूट टू होस्ट" म्हणून दिसे. मग लोक केबल काढून घालत, राउटरला शिव्या देत. मशीन बदललं तरी हा रोग गेलेला नाही. उपाय: यादी नेहमी मायनस एल, एन, व्ही आणि लाइन-नंबर्स लावून बघा. "व्ही"मुळे पॅकेटचे आकडे दिसतात. तुमच्या नियमासमोर शून्य असेल तर तो शोभेचा आहे. "एन" नसेल तर प्रत्येक पत्त्याचं नाव शोधण्यात यादी अडकते, आणि डीएनएसच बंद पडलेलं असलं तर तुम्ही यादीकडे बघत बसता.

"व्ही" न लावण्याचा आणखी एक किस्सा आहे. लूपबॅकला (मशीनच्या स्वतःशीच चालणाऱ्या संवादाला) परवानगी देणारा नियम साध्या यादीत "सगळं, कुठूनही, कुठेही, अ‍ॅक्सेप्ट" असा दिसतो, कारण कार्डाचं नाव छापलंच जात नाही. आमच्याकडच्या एकाने ते बघून घाबरून तो नियम उडवला. सुरक्षा वाढवली म्हणे. पुढच्या मिनिटाला वेबसाइटला तिच्याच मशीनवरचा डेटाबेस सापडेना आणि १२७.०.०.५३वर बसलेलं डीएनएसही गप्प.

ज्यांनी ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पीएफ फायरवॉलवर हात साफ केलाय त्यांची उलटी गंमत होते. तिथे शेवटचा जुळलेला नियम जिंकतो, मध्येच "क्विक" लिहिलं असेल तरच तिथे थांबतो. दोन्हीकडे काम करत असाल तर रात्री अकरानंतर करू नका.

आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) पूर्ण बंद करणारे. "पिंगला उत्तरच नको, हॅकरला दिसायलाच नको." तुमचं वेबसाइटचं पोर्ट ४४३ जगाला दिसतंय, पिंग बंद करून काय लपवलं? वर मोठी पॅकेटं अडकतात ते वेगळंच. एसएसएचने लॉगिन होतं, छोटी कमांड चालते, आणि लांबलचक यादी मागवली की स्क्रीन गोठते. मध्ये कुठेतरी टनेल असतं किंवा १४९२ बाइटच्या मर्यादेचा पीपीपीओई (ब्रॉडबँडची जोडणी) असतो, तिथला राउटर "पॅकेट लहान कर बाबा" असा निरोप आयसीएमपीनेच पाठवतो आणि तुम्ही तो फेकून देता. एस्टॅब्लिश्डच्या सोबत रिलेटेड (चालू कनेक्शनशी संबंधित) लिहिलं असतं तर हा निरोप आत आला असता. आयपीव्ही६मध्ये तर शेजारचं मशीन शोधायलाही आयसीएमपीव्ही६च लागतं, ते स्पष्ट उघडावंच लागतं.

आता माझा दुसरा लाडका राग. डॉकर, कंटेनर नावाच्या बंद डब्यांत प्रोग्राम चालवणारं साधन.

एका क्लायंटचा फोन: सर्व्हर मंद झालाय. बघतो तर चारही कोर शंभर टक्क्यांवर, एका कंटेनरमध्ये कोणीतरी नाणी खोदणारा प्रोग्राम बसवलेला. रेडिस या डेटाबेसचा कंटेनर, पासवर्ड नाही. मालक शपथेवर सांगत होते की फायरवॉल आहे, आणि त्यांनी यूएफडब्ल्यूचं (आयपीटेबल्सवरच चालणाऱ्या सोप्या फायरवॉलचं) स्टेटस दाखवलंही: फक्त २२, ८०, ४४३ उघडे, बाकी डिनाय. खोटं काहीच नव्हतं. मी हॉटस्पॉटवर जाऊन एनमॅप (उघडी पोर्टं शोधणारं साधन) मारलं, रेडिसचा ६३७९ उघडा.

होतं असं की पोर्ट प्रकाशित करताना डॉकर नॅट टेबलच्या (पत्ते बदलणाऱ्या नियमांच्या) प्रीराउटिंगमध्ये स्वतःचा नियम घालतो. पॅकेट आत येताच त्याचा पत्ता बदलून कंटेनरचा होतो. आता ते या मशीनसाठी राहिलंच नाही, पुढे पाठवायचं पॅकेट झालं. म्हणून ते इनपुट चेनमध्ये जातच नाही, फॉरवर्डमधून निघून जातं, आणि तिथे डॉकरने आपली परवानगी आधीच लावलेली असते. तुमचा यूएफडब्ल्यूचा डिनाय इनपुटमध्ये पहारा देत उभा आहे, पाहुणे दुसऱ्याच जिन्याने वर गेलेत. रेडिसला स्वतःचा "प्रोटेक्टेड मोड" असतो, पण डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये तो बंद ठेवलेला आहे. ही जोडी जुळली की झालं.

माझा नियम: पोर्टच्या आधी १२७.०.०.१ आणि कोलन लिहिल्याशिवाय कुठलाही डेटाबेस कंटेनर उठवायचा नाही. बाहेरून खरंच हवा असेल तर डॉकर-यूजर चेनमध्ये बंदी लिहायची, आणि लिहिताना लक्षात ठेवायचं की तिथे पोहोचेपर्यंत पत्ता बदललेला असतो. बाहेर ८०८० आणि आत ८० असेल तर तिथे ८० जुळतो. मूळ पोर्ट हवा तर कॉनट्रॅकला विचारावा लागतो. आणि एनएफटेबल्सच्या फाइलच्या सुरुवातीला "फ्लश रूलसेट" लिहून डॉकर असलेल्या मशीनवर ती भरलीत, तर डॉकरचे नियमही पुसले जातात. साइट बंद, तुम्ही चक्रावलेले. मग डॉकर रीस्टार्ट करावा लागतो.

बाकीच्या पटापट सांगतो. नियम लिहिले आणि कायमचे केलेच नाहीत: आठ महिन्यांनी वीज जाते तेव्हा कळतं. नियमात डोमेनचं नाव लिहिलं: ते भरताना एकदाच शोधलं जातं, पत्ता बदलला की नियम शिळा. प्रत्येक ड्रॉप लॉग केला, लिमिट लावली नाही: डिस्क भरली, माझ्याकडे येऊ नका. डेबियन १०पासून आयपीटेबल्स ही कमांड आतून एनएफटेबल्सवरच चालते, जुनी, लेगसीवाली वेगळी आहे. अर्धे नियम इथे, अर्धे तिथे असं झालं की कमांड स्वतः तसा इशारा छापते, तो वाचा. टीसीपीडंप या पॅकेटं दाखवणाऱ्या साधनात आत येणारं पॅकेट दिसलं म्हणजे फायरवॉलने सोडलं असं नाही, टीसीपीडंप ते नेटफिल्टरच्या (कर्नलमधल्या फायरवॉलच्या) आधीच बघतो. या एका गैरसमजात माझी एक अख्खी दुपार गेलीय.

आणि प्रत्येक नियमाला कॉमेंट लिहा: कोणी, कधी, कशासाठी. हे मी मोठ्या तोंडाने सांगतोय खरा, पण आमच्याच एका जुन्या सर्व्हरवर पोर्ट ८४४३ एका पत्त्यासाठी उघडणारा नियम आहे. त्याची कॉमेंट "तात्पुरता, सोमवारी काढणे". कुठला सोमवार ते लिहिलेलं नाही. अक्षर म्हणावं तर माझ्याच वळणाचं. परवा यादी बघितली तेव्हा त्याचा आकडा अजून वाढत होता. पलीकडे कोणाचं काय चालू आहे हे ऑफिसात कोणालाच सांगता आलं नाही, म्हणून मीही तो काढलेला नाही.