सी ड्राइव्ह एवढासा, पसारा मोठा: फायली नेमक्या कुठे ठेवायच्या

माझ्या पीसीत 120 जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क आहे, तो सी, आणि जुनीच 1 टीबीची हार्डडिस्क आहे, ती डी. खोक्यावर 120 असलं तरी विंडोज 111 च दाखवतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, दुकानदाराने फसवलेलं नाही. त्यात विंडोजनेच तीसेक खाल्ले, मग ऑफिस, डीटीपीचं सॉफ्टवेअर, क्रोम, प्रिंटरचा तो न मागता आलेला गोतावळा, असं करत हातात उरतात पन्नास-साठ जीबी. आणि त्यातच लग्नाचे फोटो. मग एक दिवस सीचा पट्टा लाल होतो, अपडेट फेल जातं, आणि घरात कुणीतरी म्हणतं पीसी जुना झाला आता नवा घेऊ. नवा नको घ्यायला, आधी फायलींची घरं बदलून बघा.

मी एकच प्रश्न विचारते. सी उद्या सकाळी फॉरमॅट मारावा लागला तर माझं काय जाईल? उत्तर "काही नाही, फक्त सॉफ्टवेअर परत टाकायला अर्धा दिवस जाईल" असं यायला हवं. हे मी शहाणपणाने नाही शिकले. माझे सासरे सोसायटीचे सेक्रेटरी होते, सगळी पत्रं, सभांची इतिवृत्तं, मेंटेनन्सच्या एक्सेल शीट, सगळं डेस्कटॉपवर, ओळीने मांडलेलं. पीसी चालू होईना म्हणून दुरुस्तीला दिला, त्याने फोनवर विचारलं "सी ड्राइव्ह उडवू ना, डी तसाच ठेवतो", बाबा म्हणाले उडवा, सीमध्ये माझं काही नाही. खरंच त्यांना तसं वाटत होतं! कारण डेस्कटॉप म्हणजे समोर दिसतो तो पडदा, तो कुठल्या ड्राइव्हमध्ये वगैरे असतो हे कोण सांगतं. तर सांगून ठेवते, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं सीमध्येच असतं, युजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली.

आधी बघा जागा कोण खातंय. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज इथे ढोबळ कळतं, पण मला विझट्री नावाचं सॉफ्टवेअर आवडतं, फुकट आहे आणि काही सेकंदात सगळा ड्राइव्ह मोठ्या फाइलपासून छोट्यापर्यंत लावून दाखवतं. त्यात विंडोज नावाचं फोल्डर फुगलेलं दिसेल, त्यात हात घालून काही डिलीट करू नका, कितीही मोह झाला तरी. हायबरफिल नावाची काही जीबीची फाइल दिसली तर ती हायबरनेटची, म्हणजे उघडी कामं डिस्कवर जपून पीसी बंद करायच्या सोयीची, डेस्कटॉप पीसी असेल आणि हायबरनेट वापरत नसाल तर कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून powercfg /h off एवढं टाइप करून एंटर मारा, फाइल जाते. लॅपटॉपवर मी नाही करत. नुकतंच मोठं अपडेट झालं असेल तर विंडोज डॉट ओल्ड नावाचं धूड बसलेलं असतं, ते दहा दिवसांनी आपोआप जातं, घाई असेल तर स्टोरेजमधल्या टेम्पररी फाइल्समधून काढा. पण गेलं की जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही.

आता मुख्य काम. डीवर आधी स्वतःच्या नावाचं एक फोल्डर बनवा, त्याच्या पोटात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स अशी वेगवेगळी रिकामी फोल्डरं. वर्ड, एक्सेल, सगळं बंद करा. मग सीमधल्या डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, त्यात लोकेशन म्हणून टॅब आहे, तिथे मूव्ह दाबून डीमधलं ते नवं डॉक्युमेंट्स दाखवा, ओके. जुन्या फायली पण तिकडे हलवू का असं विचारेल, यस. झालं. यानंतर वर्ड आपसूक तिकडेच सेव्ह करायला लागतं, डाव्या बाजूला डॉक्युमेंट्स पूर्वीसारखंच दिसतं, घरच्यांना काही बदललंय हे कळतसुद्धा नाही.

इथे दोन खड्डे आहेत. एक, मूव्ह करताना नुसता डी ड्राइव्ह दाखवायचा नाही, आत फोल्डर हवंच. नुसता डी दाखवला की विंडोज अख्ख्या डीलाच डॉक्युमेंट्स समजायला लागतं, आणि मग ते उलटं फिरवायला गेलात की डीमधलं सगळं सीवर न्यायला निघतं. एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हे निस्तरायला माझा रविवार गेलाय. तसंच डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स दोघांना एकच फोल्डर देऊ नका, दोन्ही एकत्र कालवली जातात ती सुटता सुटत नाहीत.

दुसरा खड्डा वनड्राइव्ह, म्हणजे फायली इंटरनेटवर ठेवायची मायक्रोसॉफ्टची सोय. नवा लॅपटॉप सुरू करताना आपण नेक्स्ट नेक्स्ट करतो तेव्हा हा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स तिघांना आपल्या पंखाखाली घेतो. फुकटात देतो 5 जीबी, मग जागा संपली म्हणून रोज भुणभुण. डॉक्युमेंट्स उघडून वरच्या पत्त्यात वनड्राइव्ह दिसतंय का बघा. असेल तर त्याच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, तिथून मॅनेज बॅकअपमध्ये जाऊन तिन्ही बंद करा, आणि मगच मूव्हचा कार्यक्रम. बंद केल्यावर डॉक्युमेंट्स रिकामं दिसू शकतं, बोंब मारू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतात, तिथून कट करून आणायच्या.

डेस्कटॉप हलवायचा का? माझा मी सीवरच ठेवलाय आणि त्यावर फक्त शॉर्टकट ठेवते, फाइल एकही नाही. सासऱ्यांचा मात्र डीवर हलवला, कारण त्यांना कितीही सांगितलं तरी ते डेस्कटॉपवरच सेव्ह करणार, मग आपणच डेस्कटॉप उचलून सुरक्षित जागी ठेवलेला बरा.

हाताने फायली हलवताना एक गंमत लक्षात ठेवा. माउसने ओढून सीमधल्या सीमध्ये टाकली तर फाइल हलते, पण सीमधून डीमध्ये टाकली तर कॉपी होते, मूळ तिथेच राहते. म्हणून लोक तासभर ओढाओढ करतात आणि सी तेवढाच भरलेला. शिफ्ट दाबून ओढा म्हणजे हलेल. आणि सीवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये असेपर्यंत सीचीच जागा अडवून बसतं. मोबाइलमधले फोटो मात्र कधीच कट करू नका, केबल हलली की मधेच लटकतं, कॉपी करा, दोन्हीकडचे आकडे जुळवा, दोन-चार फोटो उघडून बघा, मग मोबाइलमधून उडवा.

हलवायचं नाही ते पण सांगते. प्रोग्रॅम फाइल्स आणि अ‍ॅपडेटा ही सॉफ्टवेअरची आणि त्यांच्या सेटिंग्जची फोल्डरं, यांना उचलून डीवर नेऊ नका, सॉफ्टवेअरं रुसतात. गेमवाल्यांनी स्टीममध्ये डीवर दुसरी लायब्ररी करून गेम तिथे हलवावेत, ते स्टीमच्या आतूनच होतं. एसएसडीचा उपयोग विंडोज आणि सॉफ्टवेअर पटकन उघडायला, फोटो बघायला जुनी हार्डडिस्क पुरते.

आता डीची मांडणी. डाउनलोड्स म्हणजे पडवी, आलेलं सामान तिथे पडणार, पण तिथे राहायचं नाही. घरातली फोल्डरं मी पाचच ठेवलीत: कागदपत्रं, फोटो, कामं, सेटअप आणि जुनं. कागदपत्रांच्या आत माणसाचं नाव आणि एक "घर". आधार, पॅन, मार्कशीट माणसाखाली, सातबारा, लाइटबिल, मालमत्ता कर घराखाली. मी आधी सालाप्रमाणे लावलं होतं, पण सांगा बघू, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला शोधताना डोक्यात साल येतं का मुलगा? फक्त इन्कम टॅक्स सालाप्रमाणे, आणि तिथे आर्थिक वर्ष की आकारणी वर्ष हा घोळ एकदाच मिटवा. जुलै 2024 मध्ये भरलेलं रिटर्न हे आर्थिक वर्ष 2023-24 चं, त्यावर आकारणी वर्ष म्हणून छापलेलं असतं 2024-25. माझं फोल्डर 2023-24, कारण फॉर्म 16, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, सगळं त्याच वर्षाचं.

फाइल उतरली की लगेच नाव द्या, सातबारा उतरवला की नावात नुसते आकडे असतात, महिन्याने बापजन्मात कळणार नाही कुठल्या गटाचा आहे. तारीख घालायची तर 2024-07-22 अशी, साल आधी, म्हणजे नावाने लावलं की आपोआप क्रमाने बसतं. 22-07-2024 लिहिलंत तर सगळ्या वर्षांच्या बावीस तारखा एका खाली एक येतील. फोल्डरची नावं मराठीत खुशाल ठेवा, मी ठेवते, फक्त सर्च करताना "लाइट" आणि "लाईट" हे विंडोजसाठी दोन वेगळे शब्द आहेत, ऱ्हस्व की दीर्घ ते घरात ठरवून टाका. फॉर्म भरताना अपलोड करायच्या फायली मात्र इंग्रजी अक्षरांत, नावात स्पेस न देता, काही पोर्टलं मराठी नाव पाहून फाइलच घेत नाहीत. आणि ई-आधारची पीडीएफ पासवर्ड मागते तेव्हा नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल, हे मला दर वेळी कुणीतरी विचारतंच.

फोटो साल आणि महिन्याने, 2023-11, पुढे हवं तर "दिवाळी". व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंना आतली तारीख राहत नाही, पण मोबाइलवर सेव्ह झालेल्या फाइलच्या नावातच असते, आयएमजी नंतर 20231112 आणि पुढे डब्ल्यूए, म्हणजे 12 नोव्हेंबर 2023 ला आला. ही नावं बदलू नका. गुड मॉर्निंगची फुलं तेवढी उडवा.

डीटीपीवाल्यांनो, फॉन्ट! जुने मराठी फॉन्ट वापरून केलेल्या पत्रिका, स्मरणिका तुमच्याकडे असतील, युनिकोडच्या, म्हणजे हल्लीच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या, तर त्या फायली डीवर सुखरूप असून उपयोग नाही, सी उडाला की फॉन्ट गेले आणि फाइल उघडली की नुसती चिन्हांची खिचडी. ते सगळे फॉन्ट शोधून डीवर सेटअपमध्ये एक प्रत ठेवा. फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात, पण फक्त आपल्या युजरपुरते टाकले असतील तर अ‍ॅपडेटाच्या आत लपलेले असतात.

राहता राहिला बॅकअप. डी आणि ई असे दोन ड्राइव्ह दिसतात म्हणून एकावरचं दुसऱ्यावर ठेवून निर्धास्त होणारे खूप भेटलेत. ते बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, डिस्क गेली की दोन्ही एकदम. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, एकाच ओळीत दोन्ही दिसले म्हणजे डिस्क एकच. मी बाहेरची 1 टीबीची यूएसबी डिस्क घेतलीय, डिस्क मॅनेजमेंटमधूनच तिला अक्षर दिलंय बी, नाहीतर पेनड्राइव्ह आधी लागलेला असला की ती कधी एफ होते कधी जी. महिन्याच्या पहिल्या रविवारी डीवरचं माझं फोल्डर तिच्यावर कॉपी, पाठीवर चिकटवलेल्या कागदावर तारीख, आणि केबल काढून कपाटात, सासऱ्यांच्या सोसायटीच्या फायलींच्या शेजारी. त्या आता कागदावर आहेत, सभासदांच्या घरोघरी जाऊन जेवढ्या झेरॉक्स मिळाल्या तेवढ्या.