पॉकेट वायफाय वापरायचं कसं? डबीतल्या सिमपासून फोनवरच्या नेटपर्यंत

तळहातावर मावेल एवढी डबी. आत सिम आणि बॅटरी, बाहेर एक बटण आणि दोन-तीन दिवे. कोणी हिला मायफाय म्हणतं, कोणी डोंगल, कोणी नुसतंच हॉटस्पॉट. काम एकच: मोबाइलच्या टॉवरवरून नेट घ्यायचं आणि वायफाय करून आजूबाजूच्या फोन-लॅपटॉपना वाटायचं. म्हणजे इथे दोन दुवे आहेत. टॉवर ते डबी हा पहिला, डबी ते तुमचा फोन हा दुसरा. एवढं लक्षात ठेवलंत तर निम्मी डोकेदुखी वाचते. "रेंज फुल आहे, पण नेट चालत नाही" या तक्रारीतली फुल रेंज बहुतेक वेळा दुसऱ्या दुव्याची असते आणि घोळ असतो पहिल्यात.

फोनला हॉटस्पॉट असताना ही वेगळी वस्तू कशाला? तासाभराचं काम असेल तर खरंच नको. पण दिवसभर तीन-चार जणांना नेट वाटायचं असेल, तर फोन तापतो, त्याची बॅटरी उतरते, आणि फोनवाला उठून बाहेर गेला की त्याच्याबरोबर सगळ्यांचं नेटही जातं. डबी टेबलावर राहते.

सिम घालण्याआधी

वापरलेली डबी घेत असाल तर ती एकाच कंपनीच्या सिमला बांधलेली, म्हणजे लॉक केलेली नाही ना, हे आधी विचारा. नुसत्या थ्रीजीवर चालणारी जुनी डबी फुकट मिळाली तरी घेऊ नका. अनेक देशांत थ्रीजी बंद झालंय किंवा बंद होतंय.

सिम थेट डबीत घालायची घाई करू नका. आधी ते फोनमध्ये घाला आणि तिथे तीन गोष्टी उरका. नेट चालतंय का पाहा, सिमला पिन, म्हणजे सिम उघडायचा गुप्त आकडा, लावलेला असेल तर तो काढून टाका, आणि मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एपीएन (कंपनीच्या नेटला जोडायचं नाव) यापुढे जे लिहिलंय ते टिपून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढे नेट आलं नाही तर दोष सिमचा नाही हे तुम्हाला आधीच माहीत असतं.

आता सिमचा आकार. नॅनो सिम १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचं असतं, मायक्रो १५ बाय १२. काही डब्यांना मायक्रो लागतं, मग नॅनोला प्लॅस्टिकची चौकट, म्हणजे अडॅप्टर लावावा लागतो. इथे जपून. रिकामा अडॅप्टर खाचेत कधीच ढकलू नका. आतल्या बारीक पिना त्याच्या भोकात अडकतात आणि बाहेर ओढताना वाकतात किंवा तुटतात. सिम चौकटीत घट्ट बसवून, मागून पातळ चिकटपट्टी लावून, डबी बंद असतानाच सरकवा.

झाकण लावण्याआधी आतल्या लेबलचा फोटो काढा. वायफायचं नाव, पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा पत्ता सहसा तिथेच छापलेला असतो. तो फोटो डबीवर अवलंबून नसलेल्या फोनमध्ये ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना

बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा आणि मग मिनिटभर थांबा. डबीला टॉवर शोधायला वेळ लागतो. फोनच्या वायफाय यादीत लेबलवरचं नाव दिसलं की पासवर्ड टाका. चुकतोय असं वाटलं तर शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी एल यांची गल्लत झालीय का पाहा.

जोडल्या जोडल्या व्हिडिओ लावून बसू नका. आधी ब्राउझरमध्ये सेटिंगचं पान उघडा. पत्ता १९२.१६८.०.१, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.८.१ असा काहीतरी असतो. लेबलवर असेल तोच खरा, आणि टाइप करताना आकडे इंग्रजी घ्या. पान उघडत नसेल तर फोनचा स्वतःचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करून पाहा. फोन हुशारी करून भलत्याच वाटेने जात असतो.

या पानावर पहिलं काम पासवर्ड बदलण्याचं. पासवर्ड दोन आहेत हे बरेच जण विसरतात: एक वायफायचा, दुसरा या पानात शिरण्याचा. वायफायचा बदलला आणि पानाचा तसाच ठेवला, तर तुम्ही ज्यांना नेट दिलंत त्यांतला कोणीही सेटिंगमध्ये हात घालू शकतो. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ठेवा. नेट आलं नसेल तर मघाशी टिपलेलं एपीएन इथे जसंच्या तसं भरा. परदेशात असाल तर रोमिंगचं बटणही इथेच असतं आणि सहसा बंद असतं.

एक शक्कल बरेच जण सुचवतात: डबीला घरच्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड द्या, म्हणजे सगळी उपकरणं आपोआप जोडली जातील. जोडली जातात, खरंय. पण मग आपण कोणत्या नेटवर आहोत तेच कळत नाही, आणि लॅपटॉप घरचं समजून सगळे अपडेट मोबाइल डेटावर उतरवतो. मला ही शक्कल अजिबात पटत नाही.

याच पानावर आणखी दोन जागा बघून ठेवा. पहिली, वायफाय आपोआप बंद होण्याची वेळ. बऱ्याच डब्या दहा मिनिटं कोणी जोडलेलं नसलं की झोपी जातात आणि आपण डबी बिघडली म्हणून हळहळतो. दुसरी, एसएमएसची पेटी. डबीतल्या सिमचा ओटीपी आणि डेटा संपत आल्याचा मेसेज तिथे येऊन पडतो.

डबी ठेवायची कुठे

नेटचा वेग ठरतो तो मुख्यतः इथे. बहुतेक लोक डबी लॅपटॉपशेजारी ठेवतात, कारण वायफायवाल्या वस्तू जवळ-जवळ असाव्यात असं आपल्या डोक्यात बसलंय. पण दुसरा दुवा एका खोलीत तसाही भक्कम असतो. मदत लागते ती पहिल्याला.

एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये माझा आवाज तुटत होता. डबी माझ्या कोपराजवळ लोखंडी कपाटाला टेकून होती आणि लॅपटॉपवर वायफाय फुल. सेटिंगच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगणारा आकडा पाहिला, तर उणे ११२. डबी उचलून समोरच्या खिडकीच्या चौकटीवर ठेवली, अर्धा मिनिट थांबलो, पुन्हा पाहिलं: उणे ९५. आकडा डीबीएममध्ये असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. १० डीबीचा फरक म्हणजे सिग्नलची ताकद दहापट. १७ चा फरक म्हणजे जवळपास पन्नासपट, आणि त्यासाठी मी चाललो होतो जेमतेम पाच पावलं.

ढोबळ अंदाज असा: उणे ८० च्या आसपास असेल तर मजा, उणे १०० ला काम भागतं, उणे ११० च्या खाली गेलात तर जागा बदला. त्याच्याच शेजारी एसआयएनआर नावाचा आकडा दिसेल. तो गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे ते सांगतो. २० च्या वर उत्तम, शून्याखाली वाईट. दोन्ही आकडे चांगले असून नेट रखडत असेल तर बहुधा टॉवरवर गर्दी आहे. तिथे डबी कितीही फिरवा, उपयोग नाही.

खिडकी खिडकीतही फरक असतो. ऊन अडवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच सिग्नलही अडवते. अशा वेळी खिडकी उघडून पाहा. डबी फ्रिजवर, स्टीलच्या रॅकमध्ये, भरलेल्या बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

वायफायचा बँड निवडता येत असेल तर एकाच खोलीत ५ गिगाहर्ट्झ, भिंतीपलीकडे जायचं असेल तर २.४. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच आसपास चालतो, त्यामुळे तो सुरू झाला की नेट अडखळणं स्वाभाविक आहे.

डेटा आणि बॅटरी

एचडी व्हिडिओ तासाला साधारण ३ जीबीपर्यंत खातो, कमी दर्जाचा १ जीबीच्या आसपास. हे दिसतं तरी. न दिसणारी गळती मोठी: फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट, लॅपटॉपचं क्लाउड. विंडोजमध्ये या वायफायला मीटर्ड, म्हणजे मोजून मिळणारं कनेक्शन म्हणून खूण करा, आयफोनमध्ये लो डेटा मोड लावा, अँड्रॉइडमध्येही नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मीटर्डचा पर्याय मिळतो. डबीच्या पानावर वापराचा हिशोब दिसतो, पण बिल कंपनीच्या हिशोबानेच येतं.

बॅटरी सहसा दोन-तीन हजार एमएएचची असते आणि सतत वापरात सहा ते दहा तास टिकते. तिचा खरा शत्रू उष्णता. उन्हात उभ्या गाडीत किंवा उशीखाली डबी ठेवू नका आणि महिनोन्‌महिने चार्जरला टोचून ठेवू नका. मागचं झाकण नीट बसेनासं झालं किंवा डबी टेबलावर ठेवल्यावर डुगडुगायला लागली, तर बॅटरी फुगलीय. त्या क्षणी वापर थांबवा, चार्जिंग बंद. ती टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. विमानात डबी हातातल्या सामानात आणि बंद ठेवा.

नेट गेलं तर

रीस्टार्टच्या आधी एक प्रश्न: सेटिंगचं पान उघडतंय का? उघडत असेल तर फोन ते डबी ठीक आहे. मग पानावर कंपनीचं नाव दिसतंय का, सिम ओळखलंय का, डेटा शिल्लक आहे का, एपीएन बरोबर आहे का, एवढं बघा. पान उघडतच नसेल तर दुखणं वायफायचं: डबी झोपलीय, फोन दुसऱ्याच नेटवर्कवर उडी मारून गेलाय, किंवा जोडायच्या उपकरणांची मर्यादा भरलीय. ती डबीगणिक ८, १०, १६, ३२ अशी वेगवेगळी असते.

पासवर्डच विसरलात तर रीसेटचं बारीक भोक शोधा, सिमचा ट्रे काढायची टोकदार पिन आत घालून पाच-दहा सेकंद दाबून धरा. डबी कोरी होते आणि लेबलवरचा पासवर्ड पुन्हा चालू होतो. फोटो काढला होता तो यासाठीच. डबी कोणाला देऊन टाकायची असेल तेव्हाही हेच करा, आणि देण्याआधी सिम काढलंय ना ते एकदा झाकण उघडून बघा.