जुन्या बँडची झील धरताना

कॉलेजच्या वयात जीव लावलेला एखादा बँड वीस-पंचवीस वर्षांनी गाडी चालवताना पुन्हा गायचा असेल, तर सुरुवात गाडीत करू नये. आधी घरी स्वस्थ बसून त्याचा एक अल्बम मूळ क्रमाने, मधले काहीही न गाळता ऐकावा. माझ्यासाठी तो बँड म्हणजे १९९० साली दिल्लीत सुरू झालेला ‘इंडियन ओशन’. त्यांच्या २००० साली आलेल्या ‘कंदिसा’ची कॅसेट मी मुंबईतल्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली होती. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले. कॅसेट तर त्याच्या कितीतरी आधीच घरातून नाहीशी झाली होती. अल्बम पुन्हा सबंध ऐकला तेव्हा लक्षात आले की त्या सात रचनांमध्ये शब्द मोजके आणि वादन भरपूर आहे, आणि मी इतकी वर्षे ‘गाणे’ म्हणून जे गुणगुणत होतो त्यातला बराचसा भाग सुस्मित सेन यांच्या गिटारचा होता.

दुसऱ्यांदा ऐकताना आपण नेमके काय गायचे ते ठरवावे. पोवाड्यात शाहीर चौक, म्हणजे कडवे, गातो आणि मागचे झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत त्याचा शेवटचा सूर उचलून धरतात. गाडीत गाणाऱ्याने मुख्य गायकाशी स्पर्धा न करता ही झीलकऱ्याची जागा घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. बँडचे गायक असीम चक्रवर्ती २००९ मध्ये गेले. तबला वाजवता वाजवता गाणारा तो आवाज आता ध्वनिमुद्रणातच भेटतो, आणि त्याच्यावर आपला आवाज चढवून तो झाकून टाकणे मला अजिबात सहन होत नाही. त्यांची ओळ पूर्ण ऐकावी, तिचा शेवट धरावा, आणि वादनाच्या जागी गिटारची धून आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर, म्हणावी.

शब्दांचा अर्थही आधीच पाहून ठेवावा. याच अल्बममधल्या ‘मा रेवा’तली रेवा म्हणजे नर्मदा. बँडमधले राहुल राम हे नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेले, हे कळल्यावर त्या हाकेत जोर कुठे द्यायचा ते आपोआप उमगते. ‘कंदिसा’तले शब्द केरळातील सिरियन ख्रिश्चनांच्या प्रार्थनेतले, अरामी भाषेतले आहेत, आणि त्या एका शब्दाचा अर्थ ‘पवित्र’ असा आहे. एवढे माहीत असले तरी तो शब्द तोंडातून वेगळ्या रीतीने निघतो.

आता गाडीकडे वळू. गाणी घरीच डाउनलोड करून क्रमाने लावावीत आणि गाडी सुरू झाल्यावर मोबाइलला हात लावू नये. मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा सायरन स्पष्ट ऐकू येईल इतकाच आवाज ठेवावा. दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि पाय आपल्या कामावर असल्यामुळे ताल जिभेने टाळूवर धरावा. मला ही सवय लागायला आठवडाभर लागला. बराच काळ न गायलेल्या गळ्याला वरचे सूर झेपत नाहीत, म्हणून पहिले काही दिवस खालच्या सप्तकातच गावे. पाठ सीटला टेकून सरळ बसावे आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर न ठेवता कमरेच्या हाडांवर घ्यावा; सुरक्षिततेसाठी तो तिथेच हवा, शिवाय त्यामुळे श्वास पोटापर्यंत मोकळा जातो. एसीचा झोत चेहऱ्यावरून वळवावा, कारण कोरड्या हवेने घसा लवकर सुकतो. घशात खरखर जाणवली, तर त्या दिवशी नुसते ऐकावे.

रस्ता पाठ असलेलाच निवडावा. मुलुंडहून फोर्टला जाताना अमर महालच्या आसपास गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. तिथे ओठ मिटून गुणगुणल्याने गळा चांगला तापतो. पुढे २०१३ मध्ये सुरू झालेल्या ईस्टर्न फ्रीवेवर सिग्नल नसल्यामुळे एक रचना सलग गाता येते, आणि लांब सुरांचा सराव करायला त्याहून चांगली जागा मला या शहरात सापडलेली नाही. लेन बदलताना, दुसरा रस्ता येऊन मिळतो तिथे आणि जुलैच्या धो धो पावसात गाणे थांबवून सारे लक्ष रस्त्यावर द्यावे. झीलकऱ्याला गप्प राहण्याची मुभा असतेच.

सोबत कोणी असेल आणि त्याला ओळ येत असेल, तर ती त्याला द्यावी आणि आपण फक्त शेवट धरावा. माझी मुलगी हल्ली ‘मा रेवा’ची पहिली हाक स्वतः घेते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये पोहोचेपर्यंत रचना संपली नसेल, तर इंजिन बंद करून उरलेले वादन डोळे मिटून ऐकावे; रस्त्यावर ते करता येत नाही.