वाळूची शिअर टेस्ट: काटा मागे फिरला म्हणून थांबू नका

शिअर टेस्टमध्ये दोन भागांच्या पेटीत वाळू भरून वरून दाब देतात आणि एक भाग दुसऱ्यावरून मोटरने सरकवतात. सरकवायला लागणारा जोर दाखवणाऱ्या प्रूव्हिंग रिंगचा काटा मागे फिरला की ‘झाली फेल’ म्हणून मोटर बंद करायची, ही सगळ्यांत वाईट चूक. दाट भरलेल्या वाळूचं खरं वागणं तिथून पुढे दिसतं. शिखर गाठल्यावर ती सैल होत जाते, ताकद घसरते आणि मग एका पातळीला टिकते. शिखराला 40 अंशांच्या आसपास असलेला घर्षणकोन (कण एकमेकांवरून सरकायला किती विरोध करतात त्याचं माप) 32-33 वर येऊन थांबू शकतो. उतार सरकायला लागल्यावर त्याला धरून ठेवायला एवढाच कोन उरतो. त्यामुळे 60 मिमीच्या पेटीत 12 मिमी सरकेपर्यंत वाचनं घ्या.

नमुन्याची उंची किती बदलली ते दाखवणारा उभा डायल गेज लावतात सगळे, वाचतात थोडे. दाट वाळू आधी किंचित दबते, मग कण एकमेकांवर चढतात आणि वरची प्लेट उचलली जाते. तुमचा ‘दाट’ नमुना उचललाच गेला नाही, तर तो दाट नव्हता.

आणि इथेच बहुतेकांचं बिनसतं. 60 × 60 × 25 मिमीचा नमुना म्हणजे 90 घन सेंमी. घनता 1.6 ग्रॅम प्रति घन सेंमी हवी तर 144 ग्रॅम वाळू तोलून घ्या आणि तेवढीच्या तेवढी बसवा. वेगवेगळ्या दाबांखाली तपासलेल्या तीन नमुन्यांची घनता वेगवेगळी असेल तर आलेखावरचे बिंदू एका रेषेत येत नाहीत. मग पट्टी सरकवून रेष जमवली जाते. कृपा करून तसं करू नका, नमुना पुन्हा भरा. सैल नमुना भरताना फनेलचं तोंड वाळूला जवळजवळ टेकलेलं ठेवा. पेटी मशीनवर ठेवताना बसलेला साधा धक्काही त्याला दाबून टाकतो.

सुरू करताच वाचन भराभर चढलं तर आधी पेटीचे दोन भाग जोडून ठेवणाऱ्या पिना बघा, बहुधा काढायच्या राहिल्यात. दाब चुकीचा वाटला तर तरफ तपासा: वजन पाचपट करणाऱ्या 1:5 तरफेवर 1 किलो प्रति चौ. सेंमीसाठी हँगरवर 7.2 किलो पुरतात.

आलेखात थोडं कोहेजन (दाब नसतानाही कणांना धरून ठेवणारा चिकटपणा) आलं म्हणून ते रिपोर्टात लिहू नका. स्वच्छ कोरड्या वाळूत ते नसतं. दमट वाळूत पाण्याच्या ओढीने कण धरून राहतात, पण पूर्ण भिजवली की तो जोर जातो. वाळू थेट गोणीतून घेतली असेल, तर ओव्हनमध्ये 105 ते 110 अंशांवर वाळवून टेस्ट पुन्हा करा.