परतीच्या पावसानंतरची कोरडी हवा कशी ओळखावी आणि कामे कशी आखावीत

सप्टेंबर सरता सरता सोयाबीन काढणीला येते, कोकणात हळवे (लवकर पिकणारे) भात पिवळे पडू लागते आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात फळछाटणीचा दिवस ठरवावा लागतो. पाऊस खरोखर गेला आहे का, या एका प्रश्नावर ही तिन्ही कामे अडलेली असतात, आणि त्याचे उत्तर केवळ दिनदर्शिकेवरून काढणाऱ्याचे नुकसान होण्याची शक्यता मोठी असते.

सरासरी तारखा माहीत असाव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. भारतीय हवामान विभागाने 2020 मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार मान्सून पश्चिम राजस्थानातून 17 सप्टेंबरला, मुंबईतून 8 ऑक्टोबरला आणि संपूर्ण देशातून 15 ऑक्टोबरला परततो. त्याच वर्षी प्रत्यक्षात ही परतीची वाटचाल 28 सप्टेंबरला सुरू झाली आणि 28 ऑक्टोबरला संपली. दरम्यान बंगालच्या उपसागरातील एक तीव्र कमी दाबाचे क्षेत्र 13 ऑक्टोबरला काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणमार्गे महाराष्ट्रावर आले आणि सोलापूर-पुण्याकडे अतिवृष्टी झाली. म्हणून या काळात मराठवाडा किंवा सोलापूरच्या शेतकऱ्याने अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागराकडे अधिक लक्ष द्यावे, हा माझा आग्रह आहे. तेथे कमी दाबाचा पट्टा तयार होत असल्याची बातमी आली की उभे पीक कापून रानात पसरण्याची घाई करू नये.

हवामान विभाग मान्सून परतल्याचे जाहीर करतो तेव्हा केवळ उघडीप पाहत नाही. राजस्थानातून माघारीची सुरुवात ठरवताना सलग पाच दिवस पावसाचा अभाव, हवेच्या खालच्या थरांत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारे वारे आणि उपग्रहाच्या चित्रांत दिसणारी बाष्पाची लक्षणीय घट, या तिन्ही गोष्टी तपासल्या जातात. आपणही आपल्या शिवारापुरती हीच रीत वापरावी. आधी माघारीची रेषा, म्हणजे मान्सून कोठपर्यंत परतला ते दाखवणारी रेषा, नकाशावर कोठे आहे ते पाहावे. ती आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेलाच अनेक दिवस थांबली असेल, तर सकाळचे निरभ्र आकाश फसवे असते, कारण ऊन तापल्यावर दुपारी दोन-तीनच्या सुमारास कोबीच्या गड्ड्यासारखे ढग उंच वाढतात आणि संध्याकाळी पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून गडगडाट करीत येतात. जूनमधला पाऊस पश्चिमेकडून येतो. हस्त-चित्रा नक्षत्रांतला, म्हणजे परतीचा, पाऊस पाठीमागून, पूर्वेच्या बाजूने येतो, हे जुन्या माणसांना नेमके ठाऊक असते.

बाष्प मोजण्यासाठी सापेक्ष आर्द्रतेपेक्षा दवबिंदूचा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे दव होऊ लागते त्याचा, आकडा पाहावा, कारण आर्द्रता तापमानाबरोबर दिवसभर वरखाली होते, तर दवबिंदू हवेत प्रत्यक्ष किती बाष्प आहे ते सांगतो. पावसाळ्यात देशावर, म्हणजे घाटाच्या पूर्वेकडील पठारावर, हा आकडा साधारण 20-21 अंश आणि कोकणात 24 अंशांच्या आसपास असतो. देशावर तो 16 अंशांखाली येऊन दोन-तीन दिवस तेथेच राहिला आणि वारा उत्तर किंवा ईशान्येकडून वाहू लागला, की कोरडी हवा आली असे मी धरतो. कोकणात समुद्र जवळ असल्याने हा बदल उशिरा आणि अर्धवट होतो.

अंदाजातील शब्दही अचूक वाचावेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे विभागातील एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे तीन चतुर्थांशांपर्यंत. हे शब्द पावसाचा जोर सांगत नाहीत, व्याप्ती सांगतात. जोरासाठी वेगळे शब्द आहेत: 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे ‘मुसळधार’ आणि 115.6 पासून ‘अति मुसळधार’. तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस हा आपल्याच बांधावर पडू शकतो.

यापुढे कामानुसार अंदाज निवडावा. सोयाबीनला कापणी, वाळवणी आणि मळणी मिळून सलग चार-पाच कोरडे दिवस लागतात, म्हणून तेथे पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज आणि दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारी कृषी हवामान पत्रिका पुरेशी ठरते. शेंगा तडकू नयेत म्हणून कापणी सकाळी करावी, मळणी मात्र दव पूर्ण उडाल्यावर करावी. दाण्यातील ओलावा 12 टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पोती भरू नयेत. ताडपत्री खळ्यावर आधीच आणून ठेवावी आणि ढगांचा गडगडाट ऐकू येताच माणसांना पक्क्या छताखाली न्यावे, कारण विजा पडण्याचा धोका या दिवसांत दुपारनंतर फार असतो. ‘दामिनी’ ॲप त्याचसाठी मोबाइलवर ठेवावे.

द्राक्षाचा हिशेब निराळा आहे. छाटणीच्या दिवशी कोरडे असून भागत नाही. फुटी निघाल्यापासून मणी धरेपर्यंतचे आठवडे कोरडे हवेत, नाहीतर डाऊनी या बुरशीसारख्या रोगाचा प्रादुर्भाव बाग घेऊन जातो. म्हणून बागायतदाराने दर गुरुवारी प्रसिद्ध होणारा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज पाहावा आणि सगळी बाग एकाच वेळी न छाटता टप्प्याटप्प्याने छाटावी.

कापणाऱ्याला हवीहवीशी असलेली हीच कोरडी हवा पेरणाऱ्याला घाई करायला लावते. रब्बी ज्वारीसाठी वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी ओलसर झाली, की थांबू नये, कारण ऑक्टोबरचे ऊन आणि कोरडा वारा वरच्या थरातली ओल थोड्याच दिवसांत उडवतात आणि उशिरा टाकलेले बियाणे निम्मे उगवते. स्वातीच्या पावसाने माणिक-मोती पिकतात हे खरे, पण त्या पावसाची वाट पाहत पेरणी लांबवू नये. आणि किनाऱ्यावर कापलेल्या भाताची उडवी (गंजी) रचणाऱ्यांनी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चक्रीवादळाचे इशारे पाहत राहावे; 2009 मध्ये ‘फयान’ चक्रीवादळ 11 नोव्हेंबरला अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले होते.