हेडफोनचा बोचरा आवाज मवाळ करताना
बायरडायनॅमिक डीटी ९९० या हेडफोनमध्ये ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे उंच पट्टीतला आवाज उठून येतो; त्याला कोणी स्पष्टता म्हणतो, तर कोणाच्या कानाला गायकाचा प्रत्येक ‘स’ बोचतो. फेरफार करण्यापूर्वी कानाच्या गाद्या तपासाव्यात, कारण त्या दबल्या की ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, कानाजवळ येतो आणि आवाजाचा तोल बदलतो. माझ्या मते निम्मे वाद इथेच मिटावेत. तरीही बोच राहिल्यास गादी काढावी, दुपदरी टिश्यू पेपर सोडवून त्याचा एकच पदर गोल कापावा आणि तो ड्रायव्हरच्या जाळीवर नुसता ठेवावा. गोंद मुळीच लावू नये, म्हणजे बदल मागे घेता येतो. दोन्ही बाजूंचे पदर सारखेच हवेत. तुलना करताना आवाजाची पातळी समान ठेवावी, अन्यथा किंचित मोठा आवाजच सरस वाटतो.