एम-टू दिसली म्हणून एनव्हीएमई समजू नका: घरच्या पीसीसाठी ड्राइव्ह कशी निवडावी

इंदूरच्या सिल्व्हर मॉलला, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाजारात, निघण्याआधी मदरबोर्डच्या (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) मॅन्युअलची पीडीएफ मोबाइलमध्ये उतरवून घ्या. काउंटरवर "ले जाओ भिया, सबमें चलती है" हेच ऐकायला मिळतं, आणि सगळ्यात चालत नाही.

आधी काम ठरवा. विंडोज आणि गेम्ससाठी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह), लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो साठवायला साधी हार्ड डिस्क, आणि बोर्ड जुना असून एम-टू स्लॉटच (बोर्डवर पट्टीसारखी ड्राइव्ह बसवायची जागा) नसेल तर अडीच इंची साटा (जुनी, हळू जोडणी) एसएसडी. झालं.

आता खरी भानगड. एम-टू हा फक्त आकार आहे, २२ मिमी रुंद आणि बहुतेक ८० मिमी लांब, म्हणून २२८०. त्या आकारात साटा ड्राइव्हपण येते आणि एनव्हीएमईपण, दिसायला सख्ख्या बहिणी. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडकते, एनव्हीएमई जेन ३ (तिसऱ्या पिढीची) साधारण ३५०० पर्यंत जाते. साटावाली एम-टू फक्त एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये मस्त बसते, स्क्रूही लागतो, आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही म्हणजे काही दिसत नाही, मग लोक ड्राइव्ह खराब म्हणून दुकानदाराशी भांडतात! ड्राइव्हच्या स्लॉटमध्ये जाणाऱ्या टोकाला दोन खाचा असतील तर बहुतेक साटा, एक असेल तर एनव्हीएमई, पण माझं ऐका, खाचांच्या भरवशावर राहू नका, डब्यावरचं वाचा.

मॅन्युअलमध्ये स्टोरेजचं पान काढा आणि प्रत्येक स्लॉटपुढे पीसीआयई (एनव्हीएमई चालते ती जोडणी) लिहिलंय, साटा लिहिलंय की दोन्ही, ते बघा. त्याच्याच खाली बारीक अक्षरातली टीप असते ती तर वाचाच, कारण बऱ्याच बोर्डांवर दुसरा एम-टू स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात, लेन, म्हणजे डेटा जायचे रस्ते, वाटून घेतलेल्या असतात ना. जुनी हार्ड डिस्क अचानक गायब झाली तर केबल बदलत बसण्याआधी पोर्ट बदलून बघा.

जेन ४ ड्राइव्ह जेन ३ स्लॉटमध्ये चालते, फक्त जेन ३ च्या स्पीडने. जेन ५ चं खूळ घरच्या पीसीला नको, गेम उघडायला फारसा फरक पडत नाही आणि ड्राइव्ह तापते जास्त. इंदूरच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या घरात, त्यामुळे हीटसिंक (ड्राइव्ह थंड ठेवणारा धातूचा तुकडा) मात्र लावाच.

बसवणं सोपं, तिरकी घाला, दाबा, स्क्रू लावा. हीटसिंकच्या पॅडवरची प्लास्टिकची पट्टी तेवढी आधी सोलून टाका.